दुसऱ्या तारेची खाच

१

सकाळी शटर वर सरकवलं की आधी खालच्या मजल्यावरून तांदळाच्या तॉकची, उकडलेल्या चिकट वड्यांची, वाफ नाकात शिरते, आणि मागोमाग समोरच्या गाळ्यातून प्योशेठचा खोकला ऐकू येतो. प्योशेठ अ‍ॅम्प विकतो. माझ्याकडे विकायला काही नाही. एक टेबल, एक दिवा, भिंतीवर टांगलेल्या लोकांच्या गिटारी आणि कानशींचा डबा. तरुणपणी मी इंचनच्या एका गिटार कारखान्यात नटच्या खाचा पाडायचे. कारखाना परदेशात गेला आणि मी इथे, जोंगनोच्या वाद्यबाजारात आले. येणारी पोरं मला मावशी म्हणतात.

तक्रार बहुतेकांची एकच. "मावशी, सुरात राहतच नाही हो." खुंट्या सैल झाल्यात असं स्वतःच ठरवून येतात. मी खुंट्यांकडे बघतही नाही. दांडीच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची नाहीतर प्लास्टिकची एक बारकी पट्टी असते. तोच नट. सहा तारा तिच्यातल्या सहा खाचांमधून जातात. मोकळी तार छेडली की सूर तिथून सुरू होतो. खाच आवळ असली तर तार अडकते. खुंटी पिळली तरी हलत नाही आणि मग एकदम टक् करून उडी मारते. खाच उथळ राहिली तर तार उंच बसते. मग पहिल्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर, बोट टेकवताना ती जास्त खाली ओढावी लागते, ताणली जाते, सूर चढतो. मोकळी तार चोख आणि दाबली की बेसूर. सगळा खेळ केसाएवढ्या फरकाचा.

पानगळीच्या दिवसांत एक बाई काळी पिशवी छातीशी धरून आल्या. पिशवी खाली ठेवली नाही. उभ्याच राहिल्या.

"ताई, ओळखलंत? मी उंगजेची आई."

उंगजे म्हटल्यावर आठवला. शाळेच्या गणवेशातला, मान खाली घालून बोलणारा मुलगा. त्याची पहिली गिटार मीच लावून दिली होती. इतका हलका हात मी पुन्हा पाहिला नाही. त्याने पहिला सूर छेडला तेव्हा मी प्योशेठला म्हटलं होतं, "हा पोरगा तार दाबत नाही, तारेला विनवतो." त्याच्यासाठी खाचा मी नेहमीपेक्षा खोल घेतल्या होत्या.

"केवढा झाला असेल आता! कसा आहे?"

"बरा आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवीची चेन उघडली. "दुसरी तार रडते हो. मोकळी असली की ठीक. बोट पडलं की रडते."

मी खुंटी पिळून पाहिली. टक्. खाचेत तार अडकत होती. मला बरं वाटलं. दोष सापडला की मला बरं वाटतं. जुना प्लास्टिकचा नट काढला, बैलाच्या हाडाचा नवा घडवला, एकेक खाच हळूहळू खाली नेली. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर फट पाहिली. केस कसाबसा जाईल एवढी. सी कॉर्ड वाजवला. घंटेसारखा स्वच्छ.

"झालं बघा."

बाईंनी कान देऊन ऐकलं. "हो," त्या म्हणाल्या, "इथे बरोबर येतंय."

'इथे' हा शब्द मला तेव्हा खटकला नाही.

२

आठवडा उलटायच्या आत त्या परत आल्या.

"अजून रडते."

मी गिटार तपासली. नट होता तसाच. मोकळी तार चोख, पहिला पडदा चोख, बारावा चोख. सूर मोजायचं यंत्र लावून त्यांना काटा दाखवला. काटा मधोमध उभा.

"उंगजेची आई, गिटारीत दोष नाही. मग एकच राहतं. तो फार दाबत असेल. मूठ आवळून वाजवलं तरी सूर चढतो. तुम्ही पाहिलंत का त्याला वाजवताना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दार उघडत नाही तो."

"कधीपासून?"

"लष्करातली सक्तीची वर्षं पुरी करून आला, तेव्हापासून. मी ताट दाराशी ठेवते. रिकामं परत येतं. दुपारी जेवण झालं की वाजवतो. मी बाहेर बसून ऐकते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "एक दिवस ताटाशेजारी गिटार उभी होती. मला वाटलं, दुरुस्त करून दे म्हणतोय."

अशी दारं हल्ली पुष्कळ घरांत आहेत. गिटार दोन दिवस ठेवून जा म्हटलं. तारा बदलून पाहते, कधी तारच खराब निघते. त्या रिकामी पिशवी छातीशी धरून गेल्या.

"काय गं," समोरून प्योशेठ ओरडला, "तू बसवलेला नट परत आला? दुकान बंद कर आणि तॉक विकायला बस!"

"तुझे अ‍ॅम्प विकले गेले की बसते."

तो हसला, मीही हसले. पण त्या दिवशी माझा हात कामाला लागेना. कानशी डब्यात ठेवायच्या, पुन्हा काढायच्या, असं चाललं होतं. संध्याकाळी तारा उतरवताना दांडी दिव्याखाली धरली तेव्हा नट आणि पहिल्या पडद्यामधलं लाकूड काळपट दिसलं. घासून झिजलेल्या लाकडाला चकाकी येते. याला ती नव्हती. उजेड तिथे पडत होता आणि परत येत नव्हता, असं काहीतरी. चष्मा पुसला. नवा चष्मा करायला हवा, असं ठरवलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"ताई, ऐका," बाई कुजबुजत म्हणाल्या. "ऐका फक्त."

आधी अ‍ॅम्पची घरघर. मग सी कॉर्ड. सगळ्या तारा जागच्या जागी आणि दुसरी रडत होती. पुन्हा तोच कॉर्ड, पुन्हा तेच रडणं.

मी मान वर केली. उंगजेची गिटार माझ्यासमोर खिळ्याला टांगलेली होती. सकाळीच तिला नव्या तारा चढवल्या होत्या.

"त्याच्याकडे दुसरी गिटार आहे का?"

"नाही हो. कुठून येणार?"

फोन कानाशी धरूनच मी उठले आणि गिटारीपाशी गेले. का गेले कोण जाणे. दुसऱ्या तारेचा नटच्या पलीकडचा, खुंटीकडचा तुकडा थरथरत होता. त्या तुकड्याला आवाज नसतो. त्याचं काहीच काम नसतं. नटच्या पलीकडे सूर नसतो, हे मी कारखान्यात पहिल्या दिवशी शिकले. मी बोट टेकवून तो थांबवला. फोनमधलं वाजणंही थांबलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता उद्याच."

मी प्योशेठला सांगितलं. त्याने दात कोरत ऐकून घेतलं.

"रेकॉर्डिंग असणार. पोरं करतात. गिटार हाताशी नाही म्हणून जुनंच लावून बसला असेल."

"आणि तार?"

"खालून रस्त्याने बस गेली की माझा अख्खा गाळा थरथरतो. तुझी एक तार थरथरली तर काय मोठं?"

बरोबर होतं त्याचं. रेकॉर्डिंगच. नुसता फोनमधला आवाज ऐकून मी घाबरले, याची लाजही वाटली. तरी गिटार भिंतीवरून काढून मी पिशवीत घातली आणि चेन लावली. थोड्या वेळाने चेन नीट लागलीये ना, हे पुन्हा उठून पाहिलं.

४

मी स्वतःच गिटार घेऊन बुलग्वांगला, त्यांच्या घरी गेले. सोपं काम होतं. पोराला द्यायची, बाहेर बसून ऐकायचं, हात जड असेल तर दारातूनच दोन शब्द सांगायचे आणि परत यायचं. चढावरची लाल विटांची इमारत, तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर. बुटांच्या जागेत एका कडेला पुरुषाचे बूट नाकं बाहेर करून मांडलेले. त्यांना नुकतंच पॉलिश केलेलं होतं.

बाईंनी ताट तयार केलं. भात, सोयाबीनचं सूप, तळलेला बांगडा, काटे काढून. ताट दाराशी ठेवलं, गिटार भिंतीला टेकवली, दारावर दोनदा बोट वाजवलं आणि मला खुणेने स्वयंपाकघरात नेलं. तिथून दार दिसत नव्हतं.

दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचा आला. पावलांचा आला नाही. मोजे घालत असेल, असं मी मनात म्हटलं.

मग घरघर सुरू झाली. आधी सहाही मोकळ्या तारा, एकेक. सहाही चोख. माझा नट चोख होता. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात कॉर्ड आला.

मोकळ्या तारेचा सूर नट ठरवतो. बोट पडलं की नटचं काम संपतं, पुढचं सगळं बोटाचं. नट नीट असेल तर बोटाने कितीही दाबलं तरी एक मर्यादा असते, कारण खाली लाकूड आहे. तार लाकडाला टेकली की त्याखाली जात नाही. तिथवर सूर किती चढतो ते मला पाठ आहे. आतून येणारा सूर त्याहून वर होता. तार बाजूला ओढली असती तर सूर घसरत वर गेला असता. हा घसरत नव्हता. एका झटक्यात तिथे पोचत होता. म्हणजे तार सरळ खाली जात होती. जिथे लाकूड असतं, तिथेही खाली जात होती.

माझे कान म्हातारे झालेत, असं मी स्वतःला सांगितलं. पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. काटा उजवीकडे, चढ्या बाजूला, जाऊन टेकला.

बाई माझ्याकडे बघत होत्या. यंत्राकडे नाही.

"ताई, मला नटबिट कळत नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुम्हाला त्याचा हात माहीत आहे. तेवढं सांगा. हा उंगजेच आहे ना?"

मी यंत्र बंद केलं.

"गेल्या हिवाळ्यात बरेच दिवस ताट तसंच परत आलं. आवाज नाही, काही नाही. मी कुलूपवाल्याला बोलावणार होते. फोन हातात घेतला होता. आणि आतून गिटार वाजली." त्यांनी ओठ आवळले. "तेव्हापासून रडते ती तार. त्याआधी कधी रडली नाही."

५

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे मला कळतं. बाईंना हाताला धरून रस्त्यावर आणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा होता की मी उठले आणि दारापाशी गेले. ताट आत गेलेलं होतं. दार साधं, पांढऱ्या रंगाचं, कडीपाशी मळलेलं.

"उंगजे, मी बाजारातली मावशी. ओळखतोस ना?"

वाजणं थांबलं. घरघर चालू राहिली.

"बाळा, दुसरी तार छेड. मोकळी."

आतून मोकळी तार वाजली. चोख.

"आता पहिला पडदा. दाबू नकोस. नुसतं बोट टेकव."

सूर आला. चढा.

"नाही. हलकं."

पुन्हा. चढाच, पण मघाच्यापेक्षा कमी. माझ्यामागे बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"अजून हलकं. तार खाली ढकलायची नाही. पडद्याला जरा शिवली की पुरे."

पुन्हा. पुन्हा. दरवेळी केसभर खाली. शिकाऊ पोरांना मी असंच शिकवते आणि कोणी असं पटापट उचललं की मला आत कुठेतरी आनंद होतो. त्या दारापाशीही मला तो झाला, हे खोटं कशाला सांगू? "अजून," मी म्हणत गेले, "अजून जरासं." शेवटी सूर बरोबर जागेवर येऊन बसला. त्याने कॉर्ड वाजवला. सहा तारा एकजीव. हलका, विनवणारा हात. शाळेच्या गणवेशातला.

"हाच," बाई म्हणाल्या. "हाच माझा उंगजे."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की उंगजेला हे कधीच कोणी शिकवलं नव्हतं. मी तरी नव्हतं. तो आला तेव्हाच त्याचा हात तसा होता.

६

दार बोटभर उघडलं. आत अंधार नव्हता. खिडकीतून दुपारचं साधं ऊन पडलेलं दिसलं, आणि पलंगाची एक कड. फटीतून गिटार बाहेर आली, भिंतीला टेकली. तिला धरणारा हात मला दिसला असता, पण मी दांडीकडे बघत होते. दार लागलं.

मी गिटार उचलली. दुसऱ्या तारेखाली, पहिल्या पडद्याच्या मागे, लाकडात एक खळगा होता. ओल्या मातीत बोट रुतवून काढावं तसा गुळगुळीत. शेजारी दुसरा, पलीकडे तिसरा. तार बाजूला सारून मी माझं बोट त्यात घातलं. पहिलं पेर गेलं. दुसरं गेलं. दांडीची जाडी दोन पेरांएवढीसुद्धा नसते. मागच्या बाजूने मी दुसऱ्या हाताने चाचपलं. लाकूड सपाट होतं, अखंड होतं. माझं बोट अजून खाली जात होतं, आणि तिथे ऊब होती.

मी ते बाहेर ओढलं. गिटार हातातून सुटली आणि फरशीवर आपटली.

"उंगजेची आई, चला इथून. आत्ता. हे त्याचं नाही."

"काय त्याचं नाही?"

"हा हात. बघा, इथे बघा, लाकूड बघा."

त्यांनी बघितलं नाही. "तुम्हीच तर आत्ता म्हणालात की बरोबर आलं."

"सूर बरोबर आला. मी सूर म्हटलं."

"ताई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दमलेला होता तो. "तो लष्करातून आल्यापासून मी दाराबाहेर बसून जेवते. तुमच्या घरी कोण आहे आत, बाहेर, कुठेही?"

माझ्या घरी कोणी नाही. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"पोलिसांना बोलावू?" मी म्हटलं. "कुलूपवाल्याला?"

"आणि त्यांना आत काय सापडायला हवंय तुम्हाला?"

त्यांनी खाली वाकून गिटार उचलली, पदराने पुसावं तशी स्वेटरच्या बाहीने पुसली आणि दारावर बोट वाजवलं. मी बूट घालत होते. लेस बांधायला थांबले नाही. घराबाहेर पडताना मागे त्याच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि या वेळी ते लागल्याचा आला नाही.

मी पोलीस चौकीसमोर बराच वेळ उभी होते. आत जाऊन काय सांगायचं, ते जुळवत होते. एका मुलाची गिटार आधी बेसूर वाजत होती आणि आता सुरात वाजते? मी घरी गेले.

७

त्यानंतर मी कामाला लागले, पण ते नावापुरतंच. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. गिऱ्हाईकाची गिटार हातात आली की आधी दांडीवरून अंगठा फिरवते. प्योशेठ म्हणतो, "तू गिटारी तपासतेस की त्यांचा ताप बघतेस?" मी त्याला बुलग्वांगचं सगळं सांगितलं नाही. पोराचा हात जड होता, सांगून आले, एवढंच सांगितलं.

"बघ," तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं? तुझा नट ठीकच होता."

थंडी पडायला लागली तेव्हा उंगजेच्या आईचा फोन आला. दुपारची वेळ. समोर प्योशेठ खोक्यांवरची धूळ झटकत होता. नाव बघून मी फोन वाजू दिला. तो थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"ताई, कामात होतात का?" आवाज ताजातवाना होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "रागावलात तर नाही ना माझ्यावर? इतकं केलंत तुम्ही, मी साधा चहासुद्धा विचारला नाही."

"तुम्ही ठीक आहात ना?"

"अहो, टेबलाशी बसून जेवतो आता उंगजे! परवा जिन्यात शेजारीण भेटली, तिला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, किती दिवसांनी दिसलास, तब्येत सुधारली. केस मीच कापले. चालणं सुधारलं. बोलणंही बरंचसं जमलंय, मी रोज थोडं थोडं करून घेते."

'करून घेते' म्हणाल्या त्या. मी टेबलाची कड धरली.

"उंगजेची आई..."

"एकच राहिलंय हो," त्या घाईने म्हणाल्या. "हसताना जरा चढतं. मला कळतं की चुकतंय, पण काय चुकतंय ते सांगता येत नाही. तुमच्यासारखा कान नाही ना मला. एकदा ऐका. एवढंच."

"नको," मी म्हटलं. "फोन ठेवते मी."

पण फोन कोणाच्या तरी हातात गेला होता. हसणं ऐकू आलं. तरुण माणसाचं, लाजरं, शेवटी तुटलेलं. थांबलं. पुन्हा आलं, अगदी तसंच, त्याच जागी तुटलेलं. वाट बघावी तसं पुन्हा थांबलं.

समोर प्योशेठने मला विचारल्यासारखी भुवई उडवली. मला फोन खाली ठेवायचा होता. माझा हात हललाच नाही, कारण माझा कान ऐकत होता. हसणं खोटं नव्हतं. फक्त चढं होतं, केसभर, आणि ते कुठे चढतंय हे मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"अजून हलकं," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो पुन्हा हसला, आता केसभर खाली, आणि त्याच्यासोबत त्याची आईही हसली.